पिवळ्या खांबाचे मुकादम

रोज सकाळी दुकानाचं शटर उचलण्याआधी मुकादम रस्ता ओलांडून समोरच्या पत्र्याच्या कुंपणापाशी जात, खिशातला रुमाल काढून कुंपणातल्या एका भोकाची कड पुसत, डावा डोळा मिटत आणि उजवा भोकाला लावत. आत जे दिसेल ते मनासारखं बघून झालं की, कुणी काही विचारलेलं नसताना, "चालू आहे," असं म्हणत आणि परत येऊन कुलपाला किल्ली लावत. दाराशी गिऱ्हाईक उभं असलं तर त्यालाही थांबावं लागे. "तिकडचं बघून आलो की तुमचं बघतो," ते म्हणत, जसा काही तिकडे त्यांच्या घराचाच स्लॅब पडत होता.

मुकादम हे टोपणनाव. या माणसाने जन्मात विटेवर वीट ठेवलेली नव्हती. धंदा सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटांना नवी कव्हरं घालण्याचा. पण समोरचं जुनं मैदान पाडून फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम उभं राहू लागलं, आणि ते इतक्या अधिकाराने भोकातून शेळ्या हाकायला लागले, की रस्त्याने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली.

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या रस्त्यावर पत्र्याला डोळे होते. क्लबच्या प्रत्येक चाहत्याने आपापल्या उंचीला साजेसं एक भोक पाडून घेतलं होतं. सलूनवाल्याचं सगळ्यांत उंच, कारण तो स्वतःच शिडीसारखा होता. नळवाल्याचं कमरेच्या वर जेमतेम, कारण त्याला वाकूनच बघायची सवय. मुकादमांचं भोक मात्र राजेशाही होतं. कपाळाला पत्रा लागू नये म्हणून त्यांनी कडेला पातळ फोम लावून वर निळं रेक्झिन चढवलं होतं, आणि शिवणीवर पिवळी पायपिंगसुद्धा घातली होती. निळा आणि पिवळा, क्लबचे रंग. खाली बसायला एक स्टूल. ते नसताना बाकीचे गुपचूप त्या भोकाला डोळा लावून जात, आणि ते मुकादमांना कळतही असे.

"सलूनवाल्या, तेल जरा कमी लाव रे. माझ्या रेक्झिनला डाग पडतोय."

"तुम्हाला काय माहीत माझंच म्हणून?"

"या रस्त्यावर स्वतःचं तेल फुकट मिळतं असा दुसरा कोण आहे?"

दुकानात मशीनवर त्यांची लेक बसायची. कापणं तिचं, शिवणं तिचं, ताणून बसवणं त्यांचं. सोफ्याची कव्हरं शिवता शिवता ती रस्त्यापलीकडचं सगळं ऐकायची, आणि तिला हसू आलं की मशीन जोरात चालवायची.

तिला या वेडाचं नवल नव्हतं, कारण तेच वेड तिलाही होतं. सात वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर जुन्या मैदानावर जायची. तिथे खुर्च्या नव्हत्या, सिमेंटच्या पायऱ्या होत्या, थंडीत बर्फासारख्या आणि उन्हात तव्यासारख्या. मुकादमांनी त्यासाठी एक लांब गादी शिवली होती, दोघांना मिळून एक. आत काथ्या, वर फोम. त्या गादीची खोड अशी, की एकजण उठला की दुसरा कलंडायचा. म्हणून दोघांना गोलला उठायचं तर बरोबर उठावं लागायचं. असे प्रसंग फार येत नसत ही गोष्ट वेगळी. आपल्या क्लबला नाचता येत नव्हतं हे खरं, पण अंगणही खरोखरच वाकडं होतं. मैदानाला एका बाजूला उतार होता, आणि आपली पोरं कायम चढावर खेळतात असं मुकादमांचं ठाम मत होतं.

"मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना पण?" लेक लहानपणी विचारायची.

"तेव्हा उतारावरून चेंडू हाताबाहेर जातो," मुकादम सांगायचे. ज्याला हरायचं कारण सापडत नाही तो कसला चाहता.

आता नवं स्टेडियम सपाट होणार होतं. लेकीला त्याची घाई होती. मुकादमांच्या छातीने गेल्या वर्षी एकदा दगा दिला होता, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नवा हंगाम बघतील. पुढचं मी सांगत नाही." हे तिने घरी सांगितलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की आपण बापाबरोबर ती लांब गादी घेऊन आत जाऊन बसावं, निदान एका हंगामापुरतं.

आणि नेमका तेव्हाच खांब उगवला.

प्रथम तो सलूनवाल्याला दिसला. मुख्य बैठकींच्या पुढे, बरोबर मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, जाळीदार लोखंडाचा एक खांब उभा राहत होता. वर तो जवळच्या अर्धवट छपराच्या कडेमागे जाऊन दिसेनासा व्हायचा, म्हणजे उघडच तो छपराला टेकणार होता. त्या जागी बसणाऱ्याला अर्धं मैदान दिसणार आणि अर्धं लोखंड.

"तात्पुरता असेल," नळवाला म्हणाला. "ती मोठी क्रेन आहे ना, तिचाच—"

"क्रेन मागे आहे," मुकादम म्हणाले. "रस्त्यावरून दिसत नाही का तिचा हात? तो कुठून येतोय? मागून. आणि खांबाचा रंग बघितलास?"

नळवाल्याने वाकून बघितलं. "पिवळा."

"तात्पुरत्या गोष्टीला क्लबचा रंग कोण देतं?"

सगळ्या जगातल्या क्रेन पिवळ्या असतात हे त्या रस्त्यावर कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या रस्त्यावर पिवळा हा क्लबचा रंग होता आणि इतरांनी तो उसना घेतला होता.

"तू नळाचं बघ," सलूनवाल्याने नळवाल्याला सांगितलं, आणि तो विषय तिथे संपला.

त्या दिवशी संध्याकाळी, दुकानासमोरच्या कुंपणापाशी सगळे जमलेले असताना, मुकादमांनी आपल्या रेक्झिनच्या भोकावर हात ठेवून जाहीर केलं, "हा खांब उभा असेपर्यंत मी आत पाय ठेवणार नाही. मी नाही आणि माझ्या घरातलं कुणीही नाही."

लेकीचं मशीन थांबलं. "मला विचारलंत?"

"तू माझ्या घरातली नाहीस का?"

घरी जेवताना लेकीच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तसंही जायचं नव्हतं. माझं नाव घालून आकडा फुगवू नका. आणि एवढं भोकातून दिसतं तर मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीये, ती बघा एकदा."

मग चळवळ सुरू झाली. उरलेल्या रेक्झिनचे तुकडे जोडून लेकीला 'खांब हटाव' असा फलक शिवावा लागला. अक्षरं पिवळी, कड निळी. तो दुकानावर लागला. मग भोकांवर बहिष्कार टाकायचं ठरलं. सकाळी सगळे चाहते कुंपणाला पाठ लावून उभे राहू लागले. आतल्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण आतून भोकांकडे कुणी कधी बघतच नसे. बहिष्काराचा त्रास व्हायचा तो बहिष्कार टाकणाऱ्यांनाच. शेवटी सलूनवाल्याने दुकानातला हातआरसा आणला, आणि मुकादम पाठ कुंपणाकडे ठेवून, आरसा खांद्यावर धरून, भोकातून बघू लागले.

"हा बहिष्कार आहे का?" लेकीने विचारलं.

"पाठ तिकडेच आहे ना?"

अशात एक दिवस दुकानात एक तरणी बाई आली. डोक्यावर हेल्मेट, हातात एक फाटकी खुर्ची, पाठीसकट. टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, हिला नवं कव्हर लागेल. आतला फोमपण बसलाय. दिवसभर बसून कंबर जाते."

मुकादम टेबलाच्या एका बाजूला तिला शेजारी बसवून खुर्ची उलटीसुलटी करून बघू लागले. लेक समोर मापं घ्यायला बसली. "गाडी कोणती?" त्यांनी विचारलं.

"गाडी नाही, क्रेन आहे. समोरचीच. मी चालवते."

मुकादमांचे डोळे चमकले. आतलं माणूस आयतं दारात आलं होतं. "मग तुम्हाला माहीत असेल. मधल्या रेषेसमोर तो पिवळा खांब कुठल्या शहाण्याने उभा केला?"

"खांब?" क्रेनवालीने कपाळाला आठ्या घातल्या. "तिथे कुठला खांब? तिथे तर माझी—"

लेकीच्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख झालं. तो पिवळा रंग, ते जाळीचं लोखंड, मागून येतो असा वाटणारा हात. तिने टेबलाखालून क्रेनवालीला जोरात लाथ मारली. क्रेनवालीवर काहीच परिणाम झाला नाही, म्हणून तिने कापडाची मोठी कात्री जमिनीवर टाकली. ती अशी खणकन वाजली की बोलणं तुटलं. मुकादम खाली वाकले, थोडा वेळ वाकलेलेच राहिले, मग कात्री घेऊन वर आले.

"वरून मैदान दिसतं का?" त्यांनी वेगळंच विचारलं.

"सगळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"वाऱ्यात हलतं?"

"पाळण्यासारखं."

"मग बाजूला उंच कड देतो. पाठीला दुहेरी फोम." आणि ते खुर्ची फिरवून फिरवून बघत राहिले.

लेक तिला सोडायला म्हणून रस्त्यापर्यंत गेली आणि तिने सगळा घोळ सांगितला. क्रेनवाली हेल्मेट हातात घेऊन हसत सुटली.

"सांगून टाका ना मग काकांना."

"सांगितलं तर ते ऐकतील. पण मग सगळा रस्ता हसेल, आणि हसं झालेल्या जागी ते आत यायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. तुझी क्रेन उतरणार कधी?"

"छपराचं काम झालं की. पहिल्या मॅचच्या आधी व्हायला हवं. पण वारा असला की काम बंद, आणि सध्या वारा फार. अर्धं छप्पर ठेवूनच मॅच घेतील असंही बोलतायत साहेब लोक. तसं झालं तर मी आणि माझी क्रेन तिथेच गुमान उभे."

म्हणजे मॅच होईल आणि खांब असेल.

"तू तेवढं कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "खुर्ची अशी करून देऊ की वर झोप येईल."

"ती येऊन चालणार नाही," क्रेनवाली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात क्लबने जुन्या चाहत्यांना जागा निवडायला बोलावलं. ऑफिसात टेबलावर स्टेडियमची छोटी प्रतिकृती ठेवली होती, चिमुकल्या खुर्च्यांसकट. सलूनवाल्याने चष्मा लावून ती न्याहाळली आणि रस्त्यावर येऊन बातमी फोडली.

"प्रतिकृतीत खांब नाहीच. लपवलाय."

"बघा," मुकादम म्हणाले. "मनात पाप नसतं तर दाखवला असता."

एवढा पुरावा मिळाल्यावर मधल्या रेषेसमोर जागा घेण्याइतका वेडा कोण राहणार? सलूनवाल्याने गोलच्या मागची घेतली, नळवाल्याने कोपऱ्यातली, बाकीच्यांनी जिथे मिळेल तिथली. मुकादम दुकानात बसून सोफ्याला बारीक चुका ठोकत राहिले. त्यांनी जागा घेतलीच नाही, शपथ होती.

लेक धागा आणायला जाते म्हणून निघाली आणि क्लबच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या माणसाने प्रतिकृतीवर बोट ठेवलं. "या ओळीत घ्या की. मैदानातल्या सगळ्यांत चांगल्या जागा आहेत, आणि का कोण जाणे, कुणी बसायलाच तयार नाही."

तिने शेजारशेजारच्या दोन घेतल्या. परत आल्यावर मुकादमांनी विचारलं, "धागा कुठाय?"

"संपला होता."

"एवढ्या मोठ्या बाजारात?" ते म्हणाले, आणि पुढच्या चुकेवर हातोडी मारली.

मग वारा सुटला तो थांबेचना. सकाळी मुकादमांआधी लेकच उठून आकाश बघू लागली. खांब जागचा हलत नव्हता. पहिल्या मॅचचे फलक रस्त्यावर लागले, लोक निळे-पिवळे मफलर बाहेर काढू लागले. चळवळीतले लोक एकेक करून मऊ पडायला लागले होते. "आपल्याला तर कोपऱ्यातली जागा आहे, आपल्या आड कुठे येतोय," असं नळवाला म्हणून गेला. सलूनवाला तर गोलच्या मागून काय काय दिसेल याचीच वर्णनं करू लागला. शपथ उरली एकट्या मुकादमांची. ते मात्र मजेत होते. बापाला आपण आत बसलेलं बघणार नाही या विचाराने लेकीच्या हातून शिवण वाकडी जात होती, आणि बाप शिटी वाजवत फोम कापत होता.

"बाबा, समजा खांब राहिलाच तर?"

"राहणार नाही."

"समजा."

"समजायचं कशाला? चळवळ आहे ना."

मॅचच्या आठवड्यात वारा पडला. छपराचा शेवटचा भाग चढला, आणि एका सकाळी भोकाला लागलेल्या सलूनवाल्याने आरोळी दिली. बहिष्कार त्या दिवशी कुणाला आठवला नाही. सगळे आपापल्या भोकाला चिकटले. खांब वरून एकेक तुकडा करून उतरवला जात होता. संध्याकाळपर्यंत तिथे काहीच राहिलं नाही, नुसतं हिरवं मैदान.

रस्त्याने मुकादमांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. सलूनवाल्याने त्यांची दाढी फुकट केली. चहावर चहा झाले. फक्त नळवाला जरा वेळ वर बघत उभा होता.

"आज ती क्रेनपण दिसत नाही," तो म्हणाला.

"हरल्यावर क्रेन कशाला ठेवतील?" मुकादम म्हणाले. सगळ्यांना ते पटलं.

रात्री जेवताना लेकीने चाचरत सांगितलं, "बाबा, मी दोन जागा घेऊन ठेवल्यात. तुम्हाला न विचारता."

"माझी शपथ मोडून?"

"हो."

मुकादमांनी खूप विचार केल्यासारखं केलं. "आता घेतल्याच आहेत तर जाऊ," ते म्हणाले. आई ताटात बघून हसत होती, पण लेकीला वाटलं, ती आपल्या धिटाईला हसतेय.

पहिल्या मॅचला दोघं लांब गादी घेऊन आत गेले. मुकादम एकेका पायरीवर थांबत होते, पण प्रत्येक वेळी छप्पर बघायला थांबल्यासारखं दाखवत होते, आणि लेकही छपराकडे बघत होती. जागेवर पोचल्यावर वेगळंच संकट उभं राहिलं. नव्या खुर्च्यांची बैठक उठलं की आपोआप मिटायची. लांब गादी दोन्हींवर पसरली, पण एकजण जरा हलला की त्याच्या खालची खुर्ची टपकन वर यायची आणि दुसरा कलंडायचा.

"बघ," मुकादम समाधानाने म्हणाले, "एवढा खर्च केला पण आपली गादी ओळखली यांनी."

समोर मैदान असं पसरलं होतं की दोन्ही गोल एका नजरेत यावेत. मध्यंतरापर्यंत पाहुण्यांनी एक गोल केला होता, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. दूर गोलच्या मागे सलूनवाला उभा राहून हात हलवत होता. मुकादमांनीही हात हलवला, आणि समोर बघतच विचारलं, "क्रेनवालीला पास दिलास का गं?"

"दिला. का?"

"बरं केलंस. खांबावरून खाली उतरवलं बिचारीला आपण. कुठेतरी बसायला नको?"

लेकीने सावकाश मान वळवली. मुकादम मैदानाकडेच बघत होते. फक्त मिशी हलत होती.

"कधीपासून?"

"आधी खरंच खांब वाटला होता. खोटं कशाला बोलू. मग ती खुर्ची आली. बोल्टाला तोच पिवळा रंग. तरी वाटलं, आपण चुकत असू. पण तू टेबलाखालून तिला लाथ मारायला गेलीस, ती मला बसली. कात्री उचलायला वाकलो तेव्हा नडगी चोळत होतो."

एवढे दिवस आपण बापाला जपतोय असं तिला वाटत होतं. "मग इतकी बोंब कशाला ठोकलीत?"

"या जागा बघ. मधल्या रेषेसमोर. बोंब ठोकली नसती तर आपल्या वाट्याला आल्या असत्या का?"

"आणि मी घ्यायला गेले नसते तर?"

"धागा आणायला पिशवी न घेता कोण जातं?"

"सलूनवाले काका तिकडे गोलमागे बसलेत. तुमच्या शब्दावर."

"तो इथे पुढे बसला असता तर त्याचाच खांब झाला असता." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या वेळी त्याला इथे बसवू अर्धा वेळ. तेवढं देणं लागतो." आणि मग, जणू स्वतःशीच, "आयुष्यभर यांच्या मागे उभा राहिलो. कधी निकाल माहीत नाही, आणि माहीत असला तर हरण्याचाच. म्हटलं, एक मॅच तरी जिंकणार हे ठाऊक असताना खेळून बघू. मजा आली."

शेवटच्या काही मिनिटांत आपल्या एका पोराने कसा कोण जाणे गोल केला. सपाट मैदानावर, चढ नाही, उतार नाही. बाप आणि लेक बरोबर उठले. दोन्ही खुर्च्या मिटल्या आणि लांब गादी उडून पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थाच्या डोक्यावर पडली. तो मागे वळून बघतही नव्हता. तोही उड्या मारत होता.

तो हंगाम मुकादमांनी पूर्ण बघितला. सलूनवाला आलटून पालटून त्यांच्या जागी बसला, आणि कलंडला. कुंपण काढलं तेव्हा मुकादमांनी आपल्या भोकाचा तेवढा पत्रा मागून घेतला आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर ठोकला. सकाळी शटर उचललं की रुमालाने कड पुसून ते त्याला डोळा लावत. पलीकडे नुसता गिलावा होता.

"दिसली का ओल?" डबा घेऊन आलेली लेकीची आई विचारायची.

"चालू आहे," ते सांगायचे.

हंगाम संपल्यावरच्या दिवसांत, एका सकाळी ते उठलेच नाहीत. आदल्या संध्याकाळी दुकान बंद करताना काही विशेष घडलं नव्हतं. लेकीने मशीनवर कापड झाकलं, त्यांनी हातोडी आणि चुकांचा डबा जागेवर ठेवला. कुलूप लावताना त्यांना कोपऱ्यात उभी केलेली लांब गादी आठवली.

"ती गादी उद्या जरा उन्हात टाक," ते म्हणाले. "तुझ्या बाजूने फार दबलीये."